रेषा कोणी ओढली आणि भांडण कोणी चालू ठेवले: शेजारी नवस्वतंत्र देशांच्या वैराविषयी

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा घेतो. परकीय सत्तेखाली भरडलेले, काही वेळा तर खांद्याला खांदा लावून लढलेले शेजारी देश स्वतंत्र झाल्यावर एकमेकांवर बंदुका का रोखतात? युरोपीय सत्तांनी नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या सीमा हेच याचे मूळ आहे का? आणि तसे असेल, तर लोकांच्या भाषा आणि वस्त्या पाहून त्या सीमा नव्याने आखल्यास ही भांडणे मिटतील का? आपण इथिओपिया आणि एरिट्रिया यांचे उदाहरण दिले आहे. तेच मीही मध्यभागी ठेवतो, कारण या विषयाचे जवळजवळ सगळे धागे त्यात सापडतात.

गेली बावीस वर्षे मी आंतरराष्ट्रीय सीमावादांचा कायदा शिकवतो आहे, आणि त्यातला बराच काळ जुने तह, त्यांना जोडलेले नकाशे आणि नंतरच्या न्यायालयांचे निवाडे शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यात गेला आहे. सुरुवातीला माझेही मत आपल्यासारखेच होते, की रेषा चुकली म्हणून युद्ध झाले. आज मला तसे वाटत नाही. वसाहतकाळातली जवळजवळ प्रत्येक सीमा कुठे ना कुठे सदोष आहे, कोणत्या ना कोणत्या जमातीचे, कुरणाचे किंवा बाजारपेठेचे तिने दोन तुकडे केले आहेत, आणि तरीही त्यांतल्या बहुसंख्य सीमांवर दोन देशांच्या फौजा कधीच भिडलेल्या नाहीत. जे कारण सगळीकडे सारखेच हजर आहे, ते काही ठिकाणच्याच युद्धांचे पूर्ण स्पष्टीकरण देऊ शकत नाही. म्हणून खरा प्रश्न असा उरतो की, याच रेषेवर रक्त का सांडले आणि त्या दुसऱ्या, तितक्याच सदोष रेषेवर का सांडले नाही.

पुढे जाण्याआधी एक मर्यादा स्पष्ट करतो. दक्षिण अमेरिकेतले देश एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत स्वतंत्र झाले, आफ्रिकेतले बहुतेक १९६० च्या आसपास. दोघांच्या हाती आलेली राज्ययंत्रणा, शस्त्रे आणि जगाची परिस्थिती अगदी वेगळी होती. भारत आणि पाकिस्तान यांच्या बाबतीत तर फाळणी हीच दोन्ही राष्ट्रांच्या जन्माची कहाणी असल्यामुळे तिथल्या वैरात रेषेपेक्षा ओळखीचा प्रश्न कितीतरी मोठा आहे, आणि अण्वस्त्रांमुळे त्या वैराची जातच बदलली आहे. त्यामुळे मी पुढे जे सांगतो ते प्रामुख्याने आफ्रिकेतल्या सीमांवरून बांधलेले आहे, आणि दुसरीकडे ते लावताना हात राखूनच लावावे.

जुलै १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने एक ठराव केला, की स्वातंत्र्याच्या दिवशी ज्या सीमा अस्तित्वात होत्या त्या सर्व सदस्य देशांनी मानाव्यात. ज्यांनी आयुष्यभर वसाहतवादाचा निषेध केला त्याच नेत्यांनी वसाहतवाद्यांच्या रेषांवर शिक्कामोर्तब केले, याचे माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी आश्चर्य वाटते. कारण साधे होते: एका रेषेला हात लावू दिला तर दुसरी वाचणार नाही, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. सोमालिया आणि मोरोक्को यांनी मात्र या ठरावाला आक्षेप घेतला. सोमालियाच्या ध्वजावरच्या ताऱ्याची पाच टोके सोमाली लोकांच्या पाच प्रदेशांची खूण आहेत, आणि त्यांतले तीन प्रदेश इथिओपिया, केनिया आणि आजच्या जिबुतीत होते. मोरोक्कोचे म्हणणे असे होते की फ्रान्सने आपली जुनी भूमी अल्जीरियाला जोडून टाकली आहे.

मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्याकडे जरा थांबून पाहावे, कारण ‘रेषा हेच मूळ’ या मताची सर्वांत चांगली परीक्षा तिथे होते. १८४५ च्या लल्ला मघनिया करारात फ्रान्स आणि मोरोक्को यांनी उत्तरेकडची सीमा ठरवली आणि दक्षिणेकडे वाळवंट असल्याने, तिथे पाणी नाही आणि वस्ती होत नाही म्हणून, सीमा आखणे अनावश्यक आहे असे म्हणून पुढचे सोडून दिले. पुढे त्याच ‘अनावश्यक’ भागात, तिंदूफच्या परिसरात, लोखंडाचे साठे सापडले. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात मोरोक्कोतले औजदा हे सीमेजवळचे शहर अल्जीरियाच्या मुक्तिसेनेचा तळ होते; आणि अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६३ मध्ये, दोन्ही देश याच अर्धवट सीमेवरून एकमेकांशी लढले. इथपर्यंतची कहाणी आपल्या मताला पोषक आहे. पण पुढे १९७२ मध्ये दोघांनी सीमेचा करार केला आणि मोरोक्कोने पुढे त्याला अंतिम मान्यता दिली. ज्या रेषेवरून १९६३ मध्ये युद्ध झाले होते, तिचा वाद कागदावर मिटला.

आणि तरीही १९९४ पासून ती सीमा बंद आहे. त्या वर्षी माराकेशमधल्या एका हॉटेलवर हल्ला झाला, मोरोक्कोने अल्जीरियन नागरिकांवर व्हिसाची अट घातली, अल्जीरियाने सीमाच बंद केली, आणि ती आजवर उघडलेली नाही. अब्देलअझीझ बुतेफ्लिका यांचा जन्म औजदाचा. ते १९९९ ते २०१९ अशी वीस वर्षे अल्जीरियाचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्या जन्मगावाकडे जाणारा रस्ता त्यांच्याच सरकारने बंद ठेवला होता. २०२१ मध्ये अल्जीरियाने राजनैतिक संबंध तोडले आणि मोरोक्कोच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. वादाचे केंद्र आता पश्चिम सहारा आहे, ज्यावर मोरोक्को हक्क सांगतो, जिथून १९७५ मध्ये स्पेनने काढता पाय घेतला आणि जिथल्या पोलिसारियो या स्वातंत्र्यवादी चळवळीला अल्जीरियाने आश्रय दिला. थोडक्यात, रेषा ठरली आणि वैर टिकले. एका बाजूला राजेशाही आणि दुसऱ्या बाजूला क्रांतीतून आलेले लष्करी वळणाचे शासन, दोघेही आपापल्या प्रजेला ‘मघरेबचे (म्हणजे वायव्य आफ्रिकेचे) नेतृत्व आपले’ असे सांगत आलेले. अशा दोन शासनांना शेजाऱ्याचे वैर उपयोगी पडते, आणि एक निमित्त संपले की ते दुसऱ्याला जाऊन चिकटते, असे माझे मत आहे.

आता इथिओपिया आणि एरिट्रिया. १८९० मध्ये इटलीने एरिट्रिया ही वसाहत जाहीर केली आणि इथिओपियाचे सम्राट मेनेलिक यांच्याशी १९००, १९०२ आणि १९०८ असे तीन करार करून सीमा ठरवली. त्यातला १९०८ चा करार म्हणतो की समुद्रकिनाऱ्याच्या भागात सीमा किनाऱ्याला समांतर, ६० किलोमीटर आतून जावी. किनारा मात्र सरळ नसतो. त्याला आखाते असतात, भूशिरे असतात, बेटे असतात, आणि ६० किलोमीटर नेमके कुठून मोजायचे हे कराराने सांगितलेले नाही. १९०२ चा करार पश्चिमेकडचा. त्यानुसार सीमा सेतित नदीने जाऊन माइतेब नावाच्या प्रवाहापाशी वळते आणि मारेब नदी व माइ अंबेसा यांच्या संगमाला मिळते, आणि या भागातली रेषा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी अशी आखावी की कुनामा जमात एरिट्रियाकडे राहील.

हा मजकूर आणि त्या भागाचा एक कोरा नकाशा, ज्यावर नद्या आहेत पण नावे नाहीत, मी दरवर्षी वर्गात वाटतो आणि रेषा ओढायला सांगतो. सेतित आणि मारेब या मोठ्या नद्या सगळे ओळखतात. अडकतात ते माइतेबवर. सेतितला मिळणारे प्रवाह अनेक आहेत आणि जुन्या नकाशांवर ते नाव एकाच ठिकाणी दिसत नाही. कोणी पश्चिमेकडचा ओढा धरतो, कोणी पूर्वेकडचा. मग दोघेही आपापल्या ठिकाणापासून मारेबच्या त्याच संगमाकडे पट्टी लावतात, आणि कागदावर दोन रेषांमध्ये एक लांबट त्रिकोण उरतो. तो पेन्सिलीने भरायला सांगितला की मी विचारतो, आता यात कुनामा कुठे राहतात? नकाशावर माणसे दाखवलेली नाहीत, असे उत्तर येते. त्या वेळी वर्ग शांत होतो, आणि सीमा ‘ठरवणे’ व सीमा जमिनीवर ‘आखणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इटली आणि इथिओपिया यांनी पहिले काम अर्धेमुर्धे केले आणि दुसरे बव्हंशी केलेच नाही. बडमे हे गाव, ज्याच्या नावाने पुढे युद्ध झाले, त्याचे नाव या करारात कुठेही नाही.

मात्र हा त्रिकोण १९०२ पासून तिथेच होता, आणि युद्ध १९९८ मध्ये झाले. मधली शहाण्णव वर्षे काय झाले? इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण करून पुढच्या वर्षी तो देशच व्यापला, १९४१ मध्ये इटलीचा पराभव होऊन एरिट्रियात ब्रिटिश प्रशासन आले, १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्याने जोडला गेला आणि १९६२ मध्ये सम्राट हैले सेलासी यांनी ते संघराज्य मोडून त्याला आपला प्रांत केले. सशस्त्र लढा १९६१ मध्येच सुरू झाला होता आणि तो तीस वर्षे चालला. त्याच्या अखेरच्या टप्प्यात एरिट्रियाची मुक्तिसेना आणि इथिओपियातल्या टिग्रे प्रांतातली बंडखोर संघटना यांनी सम्राटाची सत्ता उलथल्यावर इथिओपियात आलेल्या मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीविरुद्ध हातमिळवणी केली. मे १९९१ मध्ये चार दिवसांच्या अंतराने एरिट्रियाची अस्मारा आणि इथिओपियाची अदिस अबाबा या दोन्ही राजधान्या पडल्या. १९९३ च्या सार्वमतात ९९.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि अदिस अबाबाच्या नव्या सरकारने तो मान्य केला. एरिट्रियाचे इसायास अफवेर्की आणि इथिओपियाचे मेलेस झेनावी या दोन्ही नेत्यांची मातृभाषा टिग्रिन्या होती. सीमेच्या बाबतीत दोघे म्हणाले की नंतर पाहू.

‘नंतर पाहू’ हे दोन शब्द मी अशा अनेक प्रकरणांत वाचले आहेत, आणि माझ्या अनुभवात यांच्याइतका धोकादायक समझोता दुसरा नाही. मैत्री घट्ट असते तेव्हा सीमा आखणे अविश्वासाचे वाटते, आणि मैत्री तुटली की ते शक्य राहत नाही. इथे मैत्री तुटली ती पैशावरून. १९९७ पर्यंत दोन्ही देशांत इथिओपियाचा बिर चालत होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये एरिट्रियाने नाक्फा हे स्वतःचे चलन आणले आणि ते बिरच्या बरोबरीने दोन्हीकडे चालावे अशी अपेक्षा धरली. इथिओपियाने ती नाकारली, स्वतःच्या नोटाही बदलल्या, आणि मोठा व्यापार परकीय चलनात, बँकेच्या पतपत्राने करावा असा नियम केला. सीमेवरच्या ज्या बाजारात टिग्रेचे धान्य आणि एरिट्रियाचा माल कालपर्यंत एकाच नोटेने विकला जात होता, तिथे आता डॉलर मागितला जाऊ लागला. एरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्रकिनारा उरला नव्हता आणि एरिट्रियातल्या असाब बंदराच्या शुल्कावरूनही कुरबुरी होत्या. ज्या रेषेला आजवर कोणी विचारत नव्हते, तिच्यावर नाके आले, शिपाई आले, कर आला. रेषेला किंमत आली ती अशी.

६ मे १९९८ रोजी बडमेजवळ दोन्हीकडच्या गस्ती पथकांत गोळीबार झाला, आणि १२ मे रोजी एरिट्रियाचे सैन्य रणगाड्यांसह आत शिरले. हा बळाचा बेकायदा वापर होता, असे दोन्ही देशांच्या संमतीने नेमलेल्या दावे आयोगाने २००५ मध्ये ठरवले. दोन वर्षांच्या युद्धात मृतांचे अंदाज ७० हजारांपासून एक लाखापर्यंत दिले जातात. इथिओपियाने मूळच्या एरिट्रियन असलेल्या सुमारे ७५ हजार लोकांना देशाबाहेर काढले, आणि एरिट्रियातूनही हजारो इथिओपियन घालवले गेले. एकाच घरातला नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, अशी असंख्य कुटुंबे झाली. हे सगळे वाचताना मला दरवेळी जाणवते की या माणसांचे भांडण कधीच नव्हते.

डिसेंबर २००० मध्ये अल्जिअर्स येथे करार झाला आणि सीमा ठरवण्यासाठी पाच जणांचा आयोग नेमला गेला. त्याचा निर्णय अंतिम आणि दोघांवर बंधनकारक राहील असे लिहिले गेले. १३ एप्रिल २००२ रोजी निर्णय आला. दोन्ही सरकारांनी आपापल्या जनतेला विजय झाल्याचे सांगितले, कारण बडमे नेमके रेषेच्या कोणत्या बाजूला पडते हे निकालपत्रात थेट लिहिलेले नव्हते. पुढे ते एरिट्रियाच्या बाजूला आहे हे स्पष्ट झाले, आणि इथिओपियाने तो भाग मानायला नकार दिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये हजारो सैनिक गमावून जे गाव इथिओपियाने परत जिंकले होते, ते कागदाच्या आधारे सोडून द्यायचे होते. सीमास्तंभ बसवता आले नाहीत. अखेर २००७ मध्ये आयोगाने अक्षांश-रेखांशांच्या यादीनेच सीमा आखली गेल्याचे जाहीर केले आणि काम थांबवले. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना २००८ मध्ये परतली. पुढची दहा वर्षे युद्धही नाही आणि शांतताही नाही अशी गेली.

या गोठलेल्या काळात एरिट्रियात काय झाले हे आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचे आहे. अठरा महिन्यांची सक्तीची राष्ट्रीय सेवा बेमुदत झाली. १९९७ मध्ये संमत झालेले संविधान लागू झाले नाही, राष्ट्रीय निवडणूक झाली नाही, आणि प्रत्येक वेळी कारण एकच दिले गेले, की शेजारी आपली जमीन दाबून बसला आहे. ते कारण खोटेही नव्हते, म्हणूनच ते इतके प्रभावी ठरले. कायद्याने न्याय्य असलेली तक्रार एखाद्या सरकारला अनंत काळ वापरता येते, हे मी याच प्रकरणातून शिकलो. वसाहतीकडून या राज्यांना सैन्य, तुरुंग आणि जकात कार्यालय मिळाले. जनतेला उत्तर देण्याची आणि शेजाऱ्याशी नित्य व्यवहार करण्याची सवय मिळाली नाही. सदोष रेषेपेक्षा हा वारसा मला जास्त घातक वाटतो, कारण रेषा कधी ना कधी न्यायालयात सुधारता येते.

आता याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवतो. त्याच २००२ साली, १० ऑक्टोबर रोजी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बाकासी द्वीपकल्प कॅमेरूनचे आहे असा निकाल नायजेरियाविरुद्ध दिला. आधार होता १९१३ चा ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातला करार. तिथे राहणारे बहुसंख्य लोक स्वतःला नायजेरियन मानणारे मच्छीमार होते, परिसरात तेलाची आशा होती, नायजेरियाचे सैन्य प्रत्यक्ष तिथे बसलेले होते आणि नायजेरिया कितीतरी बलाढ्य होता. १९७५ मध्ये नायजेरियाचे यकुबू गोवॉन आणि कॅमेरूनचे अहमदू अहिजो यांनी मरुआ येथे सागरी सीमेबाबत समझोता केला होता, पण पुढच्याच महिन्यात गोवॉन यांची सत्ता गेली आणि नंतरच्या राजवटींनी तो मानला नाही. सगळी लक्षणे बडमेपेक्षा वाईट. तरीही नायजेरियाने १४ ऑगस्ट २००८ रोजी बाकासीचा पूर्ण ताबा सोडला.

हे का शक्य झाले, यावर मी बराच विचार केला आहे. निकालाच्या आधीच, सप्टेंबर २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी नायजेरियाचे अध्यक्ष ओबासांजो आणि कॅमेरूनचे अध्यक्ष बिया यांना पॅरिसमध्ये एकत्र बसवून निकाल मानण्याचे आश्वासन घेतले होते. निकालानंतर लगेच दोन्ही देशांचा आणि संयुक्त राष्ट्रांचा मिळून एक संयुक्त आयोग सुरू झाला, ज्याच्या बैठका आळीपाळीने याउंदे आणि अबुजा येथे होत. दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांच्या राजधानीत जात, एकाच टेबलावर नकाशे पसरत आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवूनच उठत. सुरुवात त्यांनी अवघड ठिकाणापासून केली नाही. आधी लेक चाडच्या भागातली गावे सोडली गेली, आणि बाकासी शेवटी ठेवले. जून २००६ च्या ग्रीनट्री करारात सैन्य मागे घेण्याची मुदत दिवसांत लिहिली होती, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी साक्षीदार होते, आणि रहिवाशांसाठी काही वर्षांची विशेष व्यवस्था होती. नायजेरियाच्या सिनेटने २००७ मध्ये विरोधाचा ठराव केला, तरी प्रक्रिया थांबली नाही, कारण तोवर ती एका माणसाच्या मर्जीवर उभी नव्हती. इथे एक फरक मान्य केलाच पाहिजे: बाकासीत चकमकी झाल्या, पण बडमेसारखा संहार झाला नाही. जिथे इतके सैनिक पडले, ती जमीन सोडायला सांगणारा नेता टिकत नाही. मच्छीमारांच्या दृष्टीने पाहिले तर हा शेवटही गोड नव्हता; अनेकांना घरे सोडून नायजेरियात जावे लागले. राज्यांमधला संघर्ष मिटणे आणि माणसांचे नुकसान भरून निघणे या दोन गोष्टी एकत्र येतातच असे नाही.

पेरू आणि एक्वादोर यांनी १९९५ च्या युद्धानंतर काढलेला मार्गही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिविन्सा ही जंगलातली एक लहानशी लष्करी जागा एक्वादोरच्या जनतेसाठी अभिमानाचा विषय झाली होती, आणि सीमा १९४२ च्या करारानुसार मानली तर ती पेरूत जात होती. १९९८ च्या समझोत्यात तिचे सार्वभौमत्व पेरूकडे राहिले, पण त्यातली एक चौरस किलोमीटर जमीन एक्वादोर सरकारला खासगी मालक म्हणून देण्यात आली. एक्वादोरला तिथे स्मारक उभारता येते; पोलीस मात्र पेरूचे. कायद्याच्या भाषेत हे फार लहान आहे, पण त्यामुळे दोन्ही अध्यक्षांना आपापल्या लोकांसमोर मान वर करून उभे राहता आले. कच्छच्या रणाच्या बाबतीतही भारत आणि पाकिस्तान यांनी १९६५ च्या चकमकींनंतर प्रकरण तिघांच्या लवादाकडे दिले, १९६८ च्या निवाड्यात सुमारे दहा टक्के भाग पाकिस्तानला गेला, संसदेत मोठा विरोध झाला, आणि तरीही भारताने तो निवाडा अमलात आणला. ज्या दोन देशांविषयी आपण सर्वांत निराश असतो, त्यांनीही हे एकदा करून दाखवले आहे.

राहिला सीमा नव्याने आखण्याचा प्रश्न. सोमालियाने १९७७ मध्ये सोमाली भाषकांना एकत्र आणण्यासाठी इथिओपियातल्या ओगादेन प्रदेशावर चढाई केली. पराभव झाला आणि त्या पराभवाने सोमालियाचे राज्यच आतून पोखरले. दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळा झाला, तोही १ जानेवारी १९५६ ची प्रांतिक सीमा प्रमाण मानून, आणि पुढच्याच वर्षी हेग्लिगच्या तेलक्षेत्रावरून सुदानशी लढाई झाली. अबिए कोणाचे हे अजून ठरलेले नाही. तिथे दिन्का लोक कायम राहतात आणि मिस्सेरिया गुराखी हंगामात गुरे घेऊन येतात. आता सांगा, भाषा आणि वस्ती पाहून तिथे रेषा कुठे ओढणार? वर्षातले काही महिने एकाचे आणि काही महिने दुसऱ्याचे असलेले कुरण कोणत्याही रेषेत बसत नाही. तिथे लागतो तो येण्याजाण्याचा आणि पाण्याचा करार. म्हणून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, अपवाद फक्त दोन्ही बाजूंनी राजीखुशीने केलेल्या देवाणघेवाणीचा. भारत आणि बांगलादेश यांनी २०१५ मध्ये १६२ परवस्त्यांची (एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची) अदलाबदल केली, तिथल्या लोकांना नागरिकत्व निवडू दिले, आणि ते शांतपणे पार पडले. तो करार मुळात १९७४ चा होता, म्हणजे राजीखुशीलाही एकेचाळीस वर्षे लागली.

आपण शेवटी विचारले आहे की २०१८ चा इथिओपिया–एरिट्रिया समेट का टिकला नाही. जून २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांनी आयोगाचा निर्णय पूर्ण मान्य केल्याचे जाहीर केले, जुलैमध्ये अस्मारात संयुक्त घोषणा झाली, आणि ११ सप्टेंबर रोजी झालाम्बेसा येथे सीमा उघडली. १९९८ नंतरच्या युद्धात ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले होते. वीस वर्षांनी भेटणारी माणसे रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. ती दृश्ये पाहताना मीही हेलावलो होतो. ट्रक भरून माल इकडून तिकडे गेला. पण व्हिसाचा नियम लिहिलेला नव्हता, जकातीचा दर ठरलेला नव्हता, बिर आणि नाक्फा कोणत्या भावाने बदलायचे याचा करार नव्हता, म्हणजे १९९७ मध्ये ज्या मुद्द्यावरून बिनसले होते तो तसाच उघडा होता, आणि बाकासीसारखा नियमाने भरणारा संयुक्त आयोगही नव्हता. डिसेंबर संपता संपता पहिला नाका बंद झाला, आणि एप्रिल २०१९ पर्यंत बाकीचेही. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेत युद्ध पेटले आणि एरिट्रियाचे सैन्य त्यात अदिस अबाबाच्या बाजूने उतरले.

त्यामुळे यापुढे दोन शेजारी देशांच्या समेटाची बातमी आपण वाचाल, तेव्हा नेत्यांच्या भेटीचे छायाचित्र पाहून झाल्यावर चार गोष्टी शोधाव्यात असे मी सुचवतो: सीमेवर चलन कोणत्या भावाने बदलून मिळणार, कोणत्या कागदावर माणूस पलीकडे जाणार, नाक्यावर वाद झाला तर तो कोणत्या अधिकाऱ्यांसमोर जाणार, आणि त्या अधिकाऱ्यांची पुढची बैठक कोणत्या तारखेला आहे. मी स्वतः आधी ती तारीख शोधतो.